मुलामा किती, माल किती?

गैरसमज : केबल महागातली असेल आणि टोकांना सोन्याचा मुलामा असेल, तर पडद्यावरचं चित्र जास्त स्पष्ट येतं.

वस्तुस्थिती : येत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण हा समज जबलपूरच्या सराफ्यात मला इतक्यांदा ऐकावा लागतो, की आता जरा सविस्तर बोलणं भाग आहे. मुलामा कुठला आणि माल कुठला हे ओळखण्यावरच ज्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, ते लोक केबल घेताना मात्र पिवळी चमक पाहून दहापट पैसे मोजतात. गिऱ्हाइकाने आणलेली पाटली कसोटीवर घासल्याशिवाय इथे कुणी भाव बोलत नाही. केबलला मात्र कसोटी नाही, घासणं नाही. कॅमेरे लावणारा मुलगा म्हणतो, “साब, गोल्ड प्लेटेड ले लो, चेहरा एकदम साफ आएगा,” आणि शेठजी खिशात हात घालतात.

चेहरा साफ येणार नाही. का, ते चित्राच्या वाटेवरून चालत जाऊन पाहू.

पेढीच्या कोपऱ्यात कॅमेरा असतो. त्याच्यापासून गल्ल्याखालच्या डीव्हीआरपर्यंत येते ती बहुधा ‘३+१’ केबल, म्हणजे चित्राची एक तार आणि विजेच्या तीन. डीव्हीआर ते चित्र आतल्या हार्ड डिस्कवर साठवतो. त्याच्याच पाठीमागून दुसरी एक वायर निघून समोरच्या पडद्याला जाते, ती एचडीएमआय. म्हणजे चोरी झाली आणि पोलिसांनी फुटेज मागितलं, तर ते हार्ड डिस्कवरून निघणार. एचडीएमआय केबल त्या वाटेवर येतच नाही. खात्री करायची असेल तर ती केबल उपटून ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा लावा आणि मधलं रेकॉर्डिंग पाहा. एका क्षणाचाही खाडा नसेल.

मग चेहरे धूसर का येतात? साधा गुणाकार-भागाकार आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १,९२० ठिपके असतात. पेढ्यांमध्ये सर्रास बसवतात ती २.८ मिलिमीटरची लेन्स सुमारे १०० अंशांचा पसारा टिपते, म्हणजे सहा मीटरवर साधारण १४ मीटर रुंदीचं दृश्य. मीटरमागे पडले १३५ ठिपके. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी १६ सेंटीमीटर धरली, तर त्याच्या वाट्याला आले २१-२२. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१४ ची आवृत्ती सांगते, की ओळखीचा माणूस ओळखायला मीटरमागे १२५ ठिपके पुरतात, पण अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० लागतात. सराफ्यात येणारा चोर सहसा ओळखीचा नसतो.

त्यातून डीव्हीआर स्वस्तातला असेल तर तो ‘१०८०एन’ या पद्धतीने साठवत असतो, आणि त्यात आडवे ठिपके १,९२० चे ९६० उरतात. चेहऱ्याला दहा-अकरा. हे सगळं घडून गेल्यावर चित्र एचडीएमआय केबलपाशी पोचतं. जे ठिपके मुळात टिपलेच नाहीत, ते तिने आणायचे कुठून?

आता केबलच्या आत काय चालतं ते पाहू, कारण घरच्या टीव्हीबद्दलही हाच समज आहे.

समजाचं मूळ जुनं आहे आणि एके काळी त्यात तथ्यही होतं. गच्चीवरच्या अँटेनाची तार खराब असली की टीव्हीवर मुंग्या यायच्या, माणसामागे त्याची सावली दिसायची. त्या काळच्या तारेतून विजेचा चढ-उतार हेच चित्र म्हणून जात असे, त्यामुळे तारेने थोडं खाल्लं की चित्र थोडं बिघडायचं. १९७९ मध्ये नोएल ली या अभियंत्याने अमेरिकेत मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि महाग तारांचा धंदा जगभर रुजवला, तोही स्पीकरच्या तारांपासून, म्हणजे त्याच जुन्या जगातून.

एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली आणि हिशेब बदलला. या केबलमधून जातात ते आकडे. अमुक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक रंगाचा आठ बिटांचा आकडा दहा बिटांच्या सांकेतिक रूपात बदलून पाठवला जातो. डीटीएचच्या पेटीतून येणारं चित्र तर त्याआधी बहुधा एचडीसीपी या कुलूपबंद पद्धतीने गुप्तही केलेलं असतं. म्हणजे तारेवरून धावणाऱ्या बिटांत लाल कोण, काळा कोण, हे बाहेरून कळायला मार्गच नाही. अशा वेळी ‘या केबलने लाल रंग खुलतो’ किंवा ‘काळा जास्त काळा दिसतो’ असं म्हणणाऱ्याला एकच विचारावं : केबलने लाल ओळखला कसा?

याचा अर्थ डिजिटल केबल कधी बिघडतच नाही, असा मुळीच नाही. दुसऱ्या टोकाचा हा गैरसमजही तितकाच चुकीचा. केबल लांब किंवा निकृष्ट असेल तर बिटांचे काठ बोथट होतात आणि टीव्ही एकाला शून्य समजू लागतो. पण तो बिघाड लपत नाही. आधी काळ्या दृश्यात पांढरे-हिरवे ठिपके टिमटिमतात. मग आडव्या रेघा लुकलुकतात, पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, आणि शेवटी ‘नो सिग्नल’ची पाटी लागते. रंग फिके पडणं, चित्र मऊ होणं, चेहरा धूसर दिसणं हे या यादीत कुठेच नाही.

शंका असेल तर एचडीएमआयच्या मूळ तांत्रिक नियमावलीकडे पाहा. तिच्यातली मर्यादा अशी, की अब्ज संकेतांमागे एकाहून अधिक चूक चालणार नाही. फुल एचडी चित्रात सेकंदाला सुमारे साडेचव्वेचाळीस कोटी संकेत जातात. म्हणजे अगदी काठावर पास होणाऱ्या केबलनेही दोन-सव्वादोन सेकंदांत एखादी चूक केली, तर वीस लाखांहून अधिक ठिपक्यांपैकी एका ठिपक्याचा एक रंग सेकंदाच्या साठाव्या हिश्शापुरता चुकेल. तो ज्याला दिसला, त्याने पेढीवर हिरे पारखायला बसावं.

“पण मी केबल बदलली आणि मला फरक दिसला ना!” हे हमखास येतं. दिसला असेलही. पण आधी तिथे काय होतं ते आठवा. पुष्कळदा डीव्हीआर जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरने जोडलेला असतो. ती वायर जुन्या पद्धतीची, त्यामुळे तिच्याजागी कुठलीही एचडीएमआय लावली तरी चित्र सुधारतं, दोनशे रुपयांची लावली तरी. दुसरं कारण टीव्हीचं. अनेक टीव्हींत प्रत्येक पोर्टचं रंग-उजेडाचं सेटिंग वेगळं साठवलेलं असतं. नवी केबल दुसऱ्या पोर्टात गेली की ‘स्टँडर्ड’चं ‘व्हिव्हिड’ होतं, आणि श्रेय केबलला मिळतं. तिसरं म्हणजे काढून-घालून जोडणी केली की पेटी आणि पडदा नव्याने बोलणी करतात आणि आधी कमी रिझोल्यूशनवर अडकलेली पेटी फुल एचडीवर येते. जुनी केबल काढून तीच परत लावली असती, तरी हे झालं असतं.

आता सोन्याचं पाहू, कारण ठिकाण सराफा आहे.

विजेचा सर्वांत चांगला वाहक चांदी, मग तांबं, सोनं तिसरं. सोनं लावतात ते गंजत नाही म्हणून, आणि ते कामाचं असतं आतल्या १९ बारीक पिनांवर. तिथे पातळ मुलामा साध्या केबललाही बहुधा असतोच. बाहेरून चमकतं ते कवच, ज्याच्यावरून चित्र जात नाही. टीव्हीच्या ज्या खाचेत ते शिरतं, तिचं कवच सहसा निकेलच्या मुलाम्याचंच असतं. तरी हिशेब करू. दोन्ही टोकांच्या कवचांचं बाहेरचं क्षेत्रफळ साधारण नऊ चौरस सेंटीमीटर. मुलामा एक दशांश मायक्रॉनचा धरला, तर सोनं भरलं पावणेदोन मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेचा सत्तरावा हिस्सा. ग्रॅमला पंधरा हजार रुपये भाव लावला तरी किंमत पंचवीस-सव्वीस रुपये. एवढ्या सोन्यापायी तीन-चार हजारांची केबल! हीच मजुरी कुणा शेठजींनी अंगठीवर लावली असती, तर गिऱ्हाईक इथलं कमानिया गेट ओलांडून कधीच निघून गेलं असतं.

मग जास्त पैसे कधी द्यावेत? दोनच गोष्टींसाठी : लांबी आणि वेग.

फुल एचडी चित्राला सेकंदाला साडेचार गिगाबिट पुरतात. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा हवं असेल तर सुमारे १८ गिगाबिट लागतात. नव्या गेमिंग पेट्यांचं फोर-के १२० वेळा दाखवायचं असेल तर त्याहून अधिक, आणि त्यासाठी २०१७ च्या २.१ आवृत्तीत ४८ गिगाबिटांची सोय आहे. दीड-दोन मीटरपर्यंत हे फारसं अवघड नाही. हॉलच्या एका टोकाच्या पेटीपासून दुसऱ्या टोकाच्या प्रोजेक्टरपर्यंत दहा-पंधरा मीटर फोर-के न्यायचं असेल, तर मात्र साधं तांबं दम तोडतं. तिथे जाड तारेची, आत चिप असलेली किंवा काचतंतूची केबल लागते, आणि तिला खरोखर जास्त पैसे पडतात. भिंतीत गाडायची असेल तर कंजुषी करूच नका. दोनशे रुपये वाचवून पुढे भिंत फोडावी लागते.

अशा वेळी ओळखायचं कसं? दागिन्याला जसा हॉलमार्क, तसा केबललाही आहे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. तसंच ‘प्रीमियम हाय स्पीड’ (१८ गिगाबिट) आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (४८ गिगाबिट) या दर्जांच्या केबलच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. एचडीएमआयच्या प्रमाणन अॅपने ते तपासावं. चाचणी लांबीनुसार होते, म्हणून दोन मीटरची पास झाली म्हणजे त्याच नावाची पाच मीटरचीही झाली, असं समजू नये. लेबल नसेल तर ब्रँड, वेणी घातलेलं कापड आणि चमक यांना शून्य गुण.

आणखी काही समज, थोडक्यात :

“२.१ ची केबल द्या.” आवृत्ती यंत्रांची असते. केबलवर आवृत्तीचा क्रमांक छापायला परवाना देणारी संस्थाच मनाई करते.

“ही २४० हर्ट्‌झची केबल आहे.” टीव्हीवरचे असले आकडे बहुतेक वेळा टीव्ही स्वतःच मधली चित्रं बनवून गाठतो. ती केबलमधून येत नाहीत.

“बाणाच्या दिशेनेच लावा.” साध्या तांब्याच्या केबलला दिशा नसते. काचतंतूच्या किंवा चिपच्या केबलला मात्र असते, तिथे टोकावरचं वाचून लावा.

“आवाज सुधारतो.” आवाजही आकड्यांतच जातो, शिवाय त्याला चूक दुरुस्तीची जोड असते.

“जाड ती चांगली.” लांबी जास्त असेल तर जाडीचा उपयोग. दीड मीटरला नको तितकी जाड केबल टीव्हीच्या खाचेवर भार टाकते.

“फोर-के टीव्ही घेतला, जुनी केबल फेका.” आधी लावून पाहा. ठिपके टिमटिमले नाहीत, पडदा काळा झाला नाही, तर ती चालते आहे.

“सीसीटीव्हीत कुठलीच केबल महत्त्वाची नाही.” आहे. कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंतची. तिच्यात तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असेल, तर लांब अंतरावर वीज आणि चित्र दोन्ही मार खातात. मुलामा ओळखायचाच असेल तर इथे ओळखा : तार थोडी सोलून चाकूने खरवडा, आत पांढरं निघालं तर परत करा.

तेव्हा पेढीसाठी सल्ला सरळ आहे. डीव्हीआर ते पडदा, दीड मीटरची साधी केबल, दोन-तीनशे रुपयांची. वाचलेल्या पैशात सहा मिलिमीटर लेन्सचा एक कॅमेरा दाराकडे तोंड करून, माणसाच्या डोक्याच्या जरा वर लावा. सहा मीटरवर तो मीटरमागे तीनशेच्या वर ठिपके देईल. आणि डीव्हीआरच्या मेनूत जाऊन ‘१०८०एन’ आहे की ‘१०८०पी’ ते आजच पाहून घ्या. त्याला तर पैसाही लागत नाही.