भिंतीवरचा फोटो पावसाळ्यात टिकेल?

नवा फ्लॅट, रिकामी भिंत आणि मोबाइलमध्ये हजारभर फोटो. मग काय, एखादा मस्त मोठा करून लावायचाच! पण थांबा, प्रिंट कशावर घेताय?

आईबाबांच्या लग्नाचा जुना फोटो मी हौसेने थेट काचेच्या फ्रेममध्ये बसवला होता. मुंबईतला एकच पावसाळा, आणि फोटो काचेला असा चिकटला की सोडवताना आईचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. निगेटिव्ह कधीच हरवलेली. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा मूळ फोटो स्कॅन करून कपाटात, भिंतीवर फक्त कॉपी. तीसुद्धा मॅट पेपरवर, माउंट लावून. जाड पुठ्ठ्याची ही चौकट काच आणि फोटोमध्ये फट ठेवते.

काच नकोच असेल तर कॅनव्हास घ्या. चमकत नाही, शिवाय जरा धूसर फोटोही त्यावर खपून जातो. फक्त ओल येणारी भिंत टाळा, बुरशी धरते. ॲक्रिलिकवर रंग झकास उठतात, पण समोर खिडकी असेल तर फोटोऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं! सनबोर्ड बर्थडे पार्टीपुरता ठीक.

दुकानात शाई कोणती ते विचाराच. उजेडात पिगमेंट इंक सहसा डाय इंकपेक्षा जास्त टिकते. आणि १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तिथे कमी पडतो.

आमच्या हॉलमध्ये आता मावशीच्या अल्बममधला फोटो आहे. त्यात बाबांचे डोळे मिटलेत, पण आई पूर्ण दिसते.