जुन्या नकाशातील मौजे बदलापूर

उल्हास नदीकाठच्या बदलापूर गावाचा भूतकाळ जाणू इच्छिणाऱ्याने महसुली दप्तराइतकेच भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांकडेही लक्ष द्यावे. कारण १७६७ साली आरंभ झालेल्या या खात्याने एका मैलास एक इंच या प्रमाणावर जी पत्रके सिद्ध केली, त्यांत डोंगर, ओढे, विहिरी, देवळे, गाडीवाटा आणि वस्ती यांची नोंद एकत्र सापडते.

पत्रक हाती येताच प्रथम समासातील मोजणीचे वर्ष पाहावे, छपाईचे नव्हे. दोहोंत पुष्कळ अंतर असू शकते. मोजणी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची असेल, तर जेथे पुढे कल्याणची लष्करी छावणी व नंतर निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत वसली आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले, तेथे ते नगर दिसणार नाही. १८५६ साली पळसदरीपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग मात्र दिसेल.

त्यानंतर समोच्च रेषा वाचाव्यात. त्या जेथे दाट, तेथे उतार तीव्र. जेथे विरळ, तेथे जमीन सपाट. नदीलगतच्या अशाच सखल पट्ट्यात पुराचे पाणी पसरते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले, तेव्हा या भूरचनेचे गांभीर्य सर्वांस कळले.

अखेरीस भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा शेजारी ठेवून, गावातील वृद्धांसह शिवार पायी फिरावे. बुजलेला ओढा आणि मोडलेली पाणंद यांची नोंद आजच केली, तरच उद्याची नगररचना शहाणपणाची होईल.