उद्याचा दोर हातात आला की

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं, की बालाघाटाचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि बिंदुसरा प्रकल्पाच्या परिसरात पाली लागतं. दत्ता आणि संध्या बारगजे यांच्या ‘इन्फंट इंडिया’ संस्थेचं आनंदग्राम इथलंच. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं हे घर. अशा घराच्या नावात ‘आनंद’ कसा, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर विज्ञानाकडेही आहे.

आधी शरीराचं. जन्मतः लागण झालेल्या बाळांना उपचार मिळाले नाहीत, तर त्यातली जवळपास निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. हा विषाणू रक्तातल्या सीडी-फोर पेशींमध्ये शिरतो, तिथेच आपल्या प्रती काढतो आणि रोगांशी लढणारी फौजच पोखरतो. ‘एआरटी’ या विषाणूरोधक उपचाराच्या गोळ्या हे प्रती काढणं रोखतात. सरकारने 1 एप्रिल 2004 पासून त्या मोफत द्यायला सुरुवात केली. गोळी मात्र रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते. वारंवार खाडे झाले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. नियम पाळला तर रक्तातलं त्याचं प्रमाण इतकं घटतं, की ते तपासणीत सापडतही नाही.

पण आयुष्यभर रोज गोळी घ्यायची, तर उद्यावर भरवसा हवा. तो कुठून येतो?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो वाचवत नाही. दोन गटांना सारखेच विजेचे झटके. पण एका गटाला ते पाटी दाबून थांबवता येत होते, दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही दुसऱ्या गटातली बरीच कुत्री जागची हलली नाहीत. ती असहायता शिकली, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, या दोघांनी स्वतःचंच म्हणणं फिरवलं. मेंदूच्या अभ्यासातून दिसलं, की दीर्घ त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. कपाळामागचा मेंदूचा भाग ही जाणीव टिपतो आणि खोलवरच्या मेंदूखोडातून उठणारा घबराटीचा कल्लोळ शांत करतो. नंतरच्या प्रयोगांत ज्या उंदरांना आधी असा ताबा अनुभवायला मिळाला, ते पुढे खरोखर हतबल करणाऱ्या प्रसंगातही खचले नाहीत.

मला हा शोध फार मोलाचा वाटतो. खचलेल्या माणसाला आपण ‘मन खंबीर कर’ म्हणतो, जणू खंबीरपणा त्याच्या खिशात आहे आणि तो काढत नाहीये. त्याला हवं असतं एखादं छोटं काम, जे त्याच्या हातून पुरं होईल. आठाच्या ठोक्याला स्वतः आठवणीने घेतलेली गोळी हेही तसंच काम आहे.

मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी कौआईवर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, मोडलेली घरं अशा कात्रीत वाढलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं कर्तबगार आणि मायाळू माणसं झाली. त्यांच्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. एक, जीव लावणारं निदान एक मोठं माणूस. ते आईबापच असायला हवं असं नाही. दुसरी, आपल्यावाचून अडेल असं एखादं काम, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासारखं. आनंदग्रामसारखं घर पहिली गोष्ट देतं, आणि एकत्र राहणाऱ्या मुलांत दुसरीला तोटा नसतो.

हे सगळं एका क्षणात हिसकावून घेता येतं. वर्गात कुणी बाजूला सरकलं, की त्या मुलाने कितीही नेमाने गोळ्या घेतल्या तरी त्याच्या हाती काही उरत नाही. एकत्र जेवल्याने, खेळल्याने, एका बाकावर बसल्याने एचआयव्ही पसरत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शाळेतल्या अशा भेदभावाला मनाई केली आहे. तुमच्या गावात असं मूल असेल, तर त्याच्या शेजारी आपल्या मुलाला बसवा. काही शंका असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारा.