कॅम्परव्हॅनमध्ये कुत्र्याला कुठे बांधावं?
ब्रिटनच्या हायवे कोडमधला 57 वा नियम सांगतो, की धावत्या वाहनात कुत्रा नीट बांधलेला किंवा पिंजऱ्यात असावा. कॅम्परव्हॅनमध्ये तर हे फारच गरजेचं, कारण मागे घरासारखी मोकळी जागा असते. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर 20 किलोच्या कुत्र्याला रोखायला सुमारे 280 किलो वजनाइतका जोर लागतो. गळपट्ट्याला बांधलं, तर तो सगळा मानेवर येतो. म्हणून छातीवरचा रुंद, मजबूत हार्नेसच हवा. त्याचा पट्टा आखूड ठेवून सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकवावा. प्लायवूडच्या कपाटाला कधीच नको, धक्क्याने ते उखडू शकतं. पिंजराही गाडीच्या सांगाड्याला पक्का बांधा. आणि सरकता दरवाजा उघडण्याआधी साखळी हातात घ्या. उत्साहात बिचारा कुत्रा थेट रस्त्यावर उडी मारतो.