कुळाचे घर



आज एका घराबद्दल बोलणार आहे. घर आमचेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतले. वाडा नव्हे, कुळाचे घर. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे सासर किंवा माहेर असेच असेल.

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कोकणात पुष्कळ गावांवर खोत असत. खोताने सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून वाटा घ्यायचा. भाताचा अर्धा वाटा खोताच्या घरी जाई, त्याला अर्धेल म्हणत. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा वाटा जाई, ती तिर्धेल. त्यावर वेठबिगार वेगळी. आणि कुळाचे घरही बहुधा खोताच्याच जागेवर.

आता घराकडे बघा. आमच्या घराच्या मागच्या बाजूला अजून कुडाची भिंत आहे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाने लिंपायच्या. पूर्वी सगळे घर असेच होते, वर भाताच्या पेंढ्याचे छप्पर. गरिबी होतीच, पण धास्तीही होती. उद्या ‘ऊठ’ म्हटले तर उठावे लागेल, अशा जागेवर जांभ्याच्या भिंती कोण उभारील?

तरी घर हुशारीने बांधलेले. पाऊस धो-धो, म्हणून छपराला उतार जास्त आणि वळचण खाली आणलेली. पुढे खळे. तिथे झोडणी व्हायची, भात वाळायचे. मग पडवी, ओटी, आत माजघर. माजघरात उजेड कमी, पण उन्हाळ्यात गारवा. तिथेच शेणाने सारवलेली कणगी, त्यात वर्षाचे भात. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर छपरात जाई, त्याने वासे-रिपांना कीड कमी लागे. भात कांडायचे व्हायन जमिनीतच बसवलेले. मागे न्हाणी आणि परडे.

पुरुषांची ऊठबस ओटीवर, बायांचा दिवस माजघरापासून परड्यापर्यंत. भिंती लिंपणे, जमीन चोपणे, सारवणे हे बायांच्याच हातचे. म्हणजे निम्मे घर बायांनीच बांधलेले, आणि दर वर्षी नव्याने राखलेले.

हे घर पक्के कशाने झाले? आधी लढ्याने, मग कायद्याने. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १९३९ पर्यंत संप चालला. सहा वर्षे शेत पडीक ठेवून चूल पेटती ठेवायची म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला, आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

आमच्या घरी जांभ्याचे जोते आणि मंगलोरी कौले आली ती त्यानंतरच. आजेसासूबाई म्हणायच्या, “कौलां चढली त्या राती पयल्यांदा बिनघोर झोप लागली.”

पण गोष्ट इथे संपत नाही. सासरे गेल्यावर आम्ही वारसनोंदीसाठी कागद काढले. शेताच्या सातबारावर आमचे नाव होते. घराखालच्या जागेवर मात्र अजून जुन्या मालकाचेच! इतकी वर्षे कोणी बघितलेच नव्हते.

कुळकायद्यात घराचाही विचार आहे. कुळाने किंवा त्याच्या वाडवडिलांनी स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या घरातून त्याला सहजी काढता येत नाही, हे कलम १६. मालक ती जागा विकणार असेल तर आधी कुळाला विचारावे लागते, हे कलम १७. आणि ती जागा कुळाने विकत घेतली असे मानण्याची तरतूद कलम १७ ब मध्ये आहे. आम्ही तहसील कार्यालयात अर्ज केला आहे. जुन्या घरपट्टीच्या पावत्या आजेसासूबाईंच्या ट्रंकेत सापडल्या, त्या आता उपयोगी पडतायत.

तेव्हा बायांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढे करा. तलाठ्याकडून सातबारा आणि ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ काढा. जागा कोणाच्या नावावर आहे ते वाचा. घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर आपले नाव आहे का, तेही बघा. नसेल तर ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जुनी पावती, जुना कागद चुलीत घालू नका.

ज्या भिंती आपण लिंपल्या, त्या घराच्या कागदावर आपले नाव असायला हवे.

येते मी. नमस्कार.