वेढ्यातील खरेदीखत

आपल्याकडे आशेविषयी फारसे चांगले बोलले गेलेले नाही. आशा ही एक विलक्षण साखळी आहे, असे सांगणारे सुभाषित पूर्वी शाळेतच पाठ होत असे. ‘वेडी आशा’ हा शब्दप्रयोग तर आपण सहजगत्या करतो. ‘वेडी निराशा’ मात्र कोणी म्हणत नाही. ख्रिस्ती परंपरेत याच्या अगदी उलट घडले आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात विश्वास आणि प्रीती यांच्या जोडीला आशेला बसविले आणि तेव्हापासून ती त्या धर्मात एक सद्‌गुण म्हणून, म्हणजे अंगी बाणविण्याची गोष्ट म्हणून, मानली गेली. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. तथापि अर्थशास्त्र शिकविण्याचा व्यवसाय करताना या फरकाकडे लक्ष जावे, असे प्रसंग अलीकडे वारंवार येतात.

पदव्युत्तर पदवी घेऊन तासिका तत्त्वावर शिकविणारा तरुण किंवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत तिशी ओलांडलेली विद्यार्थिनी समोर बसते, आणि ‘सर, काही आशा आहे का?’ असे विचारते. जागा किती, अर्ज किती, हे तिलाही ठाऊक असते. अशा वेळी ‘आशा सोडू नका’ असे सांगून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आणि ‘नाही’ म्हणून तिला परत पाठविणे हा प्रामाणिकपणा खरा, पण तो पुरेसा आहे काय, याविषयी मी साशंक आहे.

अर्थशास्त्राजवळ आशा हा शब्द नाही, ‘अपेक्षा’ हा आहे. अपेक्षा म्हणजे मागील अनुभवावरून बांधलेला पुढचा अंदाज. तो चुकला तर सुधारावा, हे आमचे शास्त्र. केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात हे पुरते ओळखले होते की, केवळ गणिती अपेक्षेवर विसंबून राहिले तर दीर्घ मुदतीचे कोणतेच धाडस मनुष्य करणार नाही. परंतु त्यांनी त्याचे उत्तर माणसाच्या उपजत उत्साहात शोधले, आणि उत्साह तर नेमका वाईट काळातच आटतो.

यहुदी धर्मग्रंथांतून ख्रिस्ती बायबलच्या ‘जुन्या करारा’त आलेला यिर्मयाचा प्रसंग या दृष्टीने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्‌नेस्सर राजाचे सैन्य यरुशलेमेला वेढा देऊन बसले होते. शहर पडणार, हे यिर्मया संदेष्टा उघड सांगत होता आणि त्याबद्दल राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत ठेवले होते. अशा स्थितीत त्याचा चुलतभाऊ हनामेल भेटीस आला आणि म्हणाला, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. आप्त म्हणून पहिला हक्क तुझा आहे. अनाथोथ हे गाव यरुशलेमेच्या उत्तरेस तीन-चार मैलांवर; म्हणजे मालमत्ता शत्रूच्या छावणीच्या हद्दीत, विकत घेणारा तुरुंगात, आणि त्यालाही बायकामुले नाहीत. वेढ्यात रोकड जवळ असावी, जमीन नसावी, हे विकणाऱ्याचे शहाणपण सहज समजते. घेणाऱ्याचे समजत नाही.

तरीही यिर्मयाने १७ शेकेल रुपे तराजूत तोलून दिले. खरेदीखत केले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती पुष्कळ काळ टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवावयास आपला लेखनिक बारूख यास सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे यांची खरेदी-विक्री होईल, एवढाच त्यामागील खुलासा. कचेरीत दस्तऐवजांशी ज्यांचा रोज संबंध येतो, त्यांना या वर्णनातील काटेकोरपणा विशेष जाणवेल. भाबडा मनुष्य दोन प्रती करीत बसत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा सर्व व्यवहार उरकल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसला आणि त्याने देवालाच विचारले की, शहर शत्रूच्या हाती जाते आहे आणि तू मला शेत घ्यावयास सांगतोस, हे काय? म्हणजे शंका फिटल्यावर त्याने कृती केली असे नाही. कृती आधी झाली, शंका नंतर बोलून दाखविली गेली.

त्याच काळात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा होता. दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, असे आश्वासन तो देत होता. लोकांना अर्थातच तो प्रिय असला पाहिजे. यिर्मयाने सांगितलेली मुदत ७० वर्षांची होती. पाडाव होऊन गेलेल्यांना त्याने पत्रातून कळविले की, तेथेच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा. आशा आणि खोटा दिलासा यांतील अंतर यापेक्षा स्पष्टपणे दाखविता येणार नाही. शहर पडले, मंदिर जळाले. यिर्मयाला पुढे मिसर देशात नेण्यात आले. ते शेत त्याने कसल्याची नोंद नाही. मात्र कोरेश राजाच्या काळात परतलेल्यांची जी यादी एज्राच्या पुस्तकात आहे, तीत अनाथोथच्या माणसांचा आकडा दिला आहे: १२८.

ख्रिस्ती आशा या वारशावर उभी आहे, पण तिचा स्वतःचा आधार याहूनही बिकट जागी आहे. परिस्थिती हळूहळू सुधारत जाते, या प्रगतीवादावर ती उभी नाही. एका निरपराध माणसाला राजसत्तेने दिलेला देहदंड आणि त्यानंतरचे पुनरुत्थान हा तिचा पाया. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर चाललेले दोन शिष्य आपल्या आशेविषयी भूतकाळात बोलतात. आशा होती, संपली, असा त्यांचा सूर आहे. बरोबर चालणारा वाटसरू कोण, हे त्यांना ओळखता येत नाही. आणि योहानाच्या वृत्तांतात उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच असतात. पुनरुत्थान ऐतिहासिक आहे काय, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. या श्रद्धेने झालेला घात पुसून टाकला नाही, एवढे नमूद केले म्हणजे पुरे.

जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर यांनी विसाव्या शतकात यिर्मयाच्या याच शेताची आठवण ठेवली. हिटलरच्या राजवटीला दहा वर्षे होत असताना, १९४२ च्या अखेरीस, सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी या खरेदीचा दाखला दिला. १९४३ च्या जानेवारीत त्यांचा वाङ्‌निश्चय झाला, एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली. तुरुंगातून वाग्दत्त वधूला लिहिताना, आपला विवाह हाही अशीच एक खरेदी आहे, या आशयाचे विचार त्यांनी मांडले. तो विवाह झाला नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास जेमतेम महिना उरला असताना, त्यांना फाशी देण्यात आले. हिशेब मांडणाऱ्याला येथे उत्तर जुळत नाही, आणि ते ओढूनताणून जुळवू नये.

परलोकाची आशा ही इहलोकातील अन्यायावर घातलेली गुंगी आहे, हा मार्क्सचा आक्षेप दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे आणि तो अनेकदा खराही ठरला आहे. त्याला तात्त्विक उत्तरे आहेत. योर्गन मोल्टमान यांचा १९६४ चा ग्रंथ त्यांपैकी प्रमुख. महाराष्ट्रातील वाचकाला मात्र केडगावचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या मुदतीची होती. ती संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी म्हणून त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा आपल्या घरादाराची आठवण त्यांना झाली नसेल असे संभवत नाही. तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग, तेव्हा केडगावची जमीन कामी आली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. मुक्तिसदनातील धर्मांतराबद्दल झालेली टीका सर्वस्वी निराधार होती, असे माझे म्हणणे नाही. परंतु याच बाईंनी १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्यावर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली होती. गुंगीतला मनुष्य असे करीत नाही.

आयुष्याची शेवटची सुमारे दीड तप त्या हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणीत होत्या. अल्पशिक्षित बाईलाही ते वाचता यावे, हा हेतू. ज्या कन्येवर संस्थेचा भार सोपवावयाचा, ती मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. रमाबाईंनी मुद्रिते तपासणे थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. आश्रमातील स्त्रियांनी चालविलेल्या केडगावच्या छापखान्यातून ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.