पळणारी चित्रं आणि मार्कीचा ब्रेक

वाशी गेलं की लोकलच्या डब्यातल्या पट्टीवर पुढच्या स्टेशनचं नाव सरकायला लागतं. वेब पेजवर चित्र असंच पळवायचं तर काय करायचं? आमच्या फेस्टचं पेज करताना मला हा प्रश्न पडला आणि उत्तर एकाच टॅगमध्ये सापडलं: मार्की.

कृती मॅगीइतकी सोपी. मार्कीचा टॅग उघडा, आत इमेजचा टॅग टाका, सोर्समध्ये चित्राच्या फाइलचं नाव द्या आणि मार्की बंद करा. झालं! चित्र उजवीकडून डावीकडे निघालं. डिरेक्शनमध्ये राइट, अप किंवा डाऊन लिहिलं की दिशा बदलते. बिहेव्हियरमध्ये अल्टरनेट लिहिलं तर चित्र दोन कडांमध्ये येरझाऱ्या घालतं. (रात्री दोनला हे पहिल्यांदा चाललं तेव्हा मी ताईला उठवून दाखवलं. ती "बरं" म्हणून पुन्हा झोपली.)

वेगाचं गणित मात्र नीट बघा. चित्र खरं तर धावत नाही, उड्या मारतं. एका उडीची लांबी म्हणजे स्क्रोलअमाउंट आणि दोन उड्यांमधला वेळ म्हणजे स्क्रोलडिले. आपण काहीच लिहिलं नाही तर ६ पिक्सेल आणि ८५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ७० पिक्सेल. १३६६ पिक्सेलच्या स्क्रीनवरून २०० पिक्सेलचं चित्र पूर्ण जायला २२ सेकंद लागतात. मला ती बैलगाडी वाटली, म्हणून स्क्रोलअमाउंट २० केला. सात सेकंदांच्या आत पार!

मग बाबांना पेज दाखवलं. नाव नोंदवायची शेवटची तारीख पोस्टरच्या चित्रात होती आणि ते पोस्टरच पळत होतं. बाबांनी चष्मा सारखा करेपर्यंत पोस्टर गायब. "अगं, याला जरा उभं कर की!" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लोकलची पट्टी तेच नाव मराठी, हिंदी, इंग्रजीत दाखवते, वर आवाजही येतो. माझं पोस्टर मुकं होतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला चित्रातली तारीख ऐकू यावी म्हणून ऑल्टमध्ये मजकूर लिहितात. तो मी रिकामाच सोडला होता. डब्ल्यूसीएजी २.० हे २००८ चे नियम सांगतात की आपोआप सुरू झालेली हालचाल इतर मजकुराशेजारी ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर ती थांबवायची सोय हवी. ऑनमाउसओव्हरला 'धिस डॉट स्टॉप' आणि ऑनमाउसआउटला 'धिस डॉट स्टार्ट' लिहिलं की ब्रेक लागतो. पण मोबाइलवर माउस कुठला? म्हणून बटणच द्यावं.

मार्की आणला मायक्रोसॉफ्टने, १९९५ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर २ बरोबर. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने त्याला कालबाह्य ठरवलं, तरी ब्राउझर तो अजून चालवतात. नवीन काम सीएसएसच्या कीफ्रेम्सने करावं: चित्र कुठून कुठे आणि किती सेकंदांत जायचं ते लिहायचं, आणि थांबवायला ॲनिमेशन-प्ले-स्टेट पॉज्ड. हलत्या चित्रांनी ज्यांना गरगरतं त्यांनी स्वतःच्या मशीनवर हालचाल कमी केलेली असेल, तर तेही सीएसएसला ओळखता येतं.

आता तारीख साध्या ठळक अक्षरांत वर उभी आहे. स्पॉन्सर्सचे लोगो बैलगाडीच्या वेगाने जातात, खाली थांबवायचं बटण आहे. एक फुलपाखरू मात्र कोपऱ्यात अजून अल्टरनेटवर आहे. ते काही काढवत नाही.